वरचा पट्टा

“वर कुठला?” अय्युब सरांनी कागदी झेंडा गरगर फिरवून पुन्हा विचारलं.

“केशरी,” पहिलीचा वर्ग म्हणाला. एकदोघं हिरवा म्हणाले आणि लाजून बाकीच्यांत मिसळले. सगळा वर्ग एका सुरात येईपर्यंत सर ‘बरोबर’ म्हणत नसत.

केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. सहा वर्षांच्या पोरांना त्याग कुठून कळणार? डब्यातला लाडू दुसऱ्याला दिला की तो त्याग, असं सर सांगत. मिठागरांच्या करावे गावची सखू म्हणाली, पांढरा म्हणजे मीठ. सरांनी तेही चालवून घेतलं. पण वर कुठला, यात सूट नव्हती.

गेल्या पंधरा ऑगस्टला झेंडा फडकला, फुलं पडली आणि पाहतात तो हिरवा पट्टा वर. झेंडा बांधायचं काम शिपाई कृष्णातचं. तो लगेच पुढे आला. “चूक माझी हाय,” म्हणाला. मुख्याध्यापिका मालतीबाईंनी त्याला लेखी ताकीद दिली. लोक चार दिवस हसले आणि विसरले.

यंदा स्वातंत्र्याची पन्नाशी. बाईंनी झेंड्याचं काम कृष्णातकडून काढून अय्युब सरांना दिलं. विश्वासाचा माणूस, नाही कशाला म्हणणार? सरांची मात्र झोप उडाली. कृष्णातची चूक लोकांनी हसण्यावारी नेली. अय्युब नावाच्या माणसाने हिरवा वर बांधला, तर कोणी हसणार नव्हतं. मुंबईची दंगल होऊन पाचही वर्षं झाली नव्हती. सरांनी ठरवलं, वर्गातल्या प्रत्येक पोराला हे झोपेतही सांगता आलं पाहिजे. महिनाभर त्यांनी दुसरं काही शिकवलंच नाही म्हणा ना.

पंधरा ऑगस्टला सकाळी सरांनी पहिलीची रांग थेट खांबाशी उभी केली. मालतीबाई जातीने हजर होत्या. कृष्णातला त्यांनी फाटकावर धाडलं होतं. सरांनी झेंड्याची घडी मोडली, दोन्ही टोकं सखूपुढे धरली.

“वर कुठला?”

सखूने एका टोकाला बोट लावलं. “ह्यो.”

सरांनी रांगेकडे पाहिलं. सगळा वर्ग ‘केशरी’ म्हणाला. मग ते टोक मुठीतून न सोडता त्यांनी गाठ मारली. शिकवावं तर असं, झेंडा फडकवायला आलेले पाहुणे बाईंना म्हणाले.

झेंडा चढला. दोरीला हिसका बसला, फुलं पडली, टाळ्या वाजल्या.

सरांनी वर पाहिलंच नाही. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. गेल्या वर्षी फुलं आणायला कृष्णातला उशीर झाला आणि झेंडा सरांनीच बांधला, हे त्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. कृष्णातने हळूच मान डोलावली. तेव्हा कुठे सरांना कळलं की केशरी वर आहे. त्यांच्या डोळ्यांना केशरी आणि हिरवा हे दोन पट्टे जन्मापासून एकाच रंगाचे दिसत.