कोरडी गळती

भागवत मिस्त्रीनं चौथ्यांदा बटण दाबलं. मोटर गुरगुरली. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी वर आलं, घुसळलं आणि पुन्हा खाली बसलं. तलावाच्या भिंतीतल्या तोट्यांतून पाण्याऐवजी बुडबुडे निघाले. मग तेही थांबले.

"सायेब, पंप हवा घेतोय," भागवत म्हणाला.

"कुणाची?" विजयसिंहांनी दचकून विचारलं. निवडणूक दोन महिन्यांवर होती. 'हवा' या शब्दाला त्यांच्या लेखी दुसरा अर्थ उरला नव्हता.

पालीजवळच्या त्यांच्या कृषी पर्यटन केंद्रात हा पोहण्याचा तलाव गेल्या उन्हाळ्यात झाला. पाणी फिरायचं थांबल्यापासून त्याचा रंग कैरीच्या पन्ह्याकडं झुकला होता. काठावर गळ्यात शिट्टी अडकवून स्वप्नाली उभी होती. ती लिंबागणेशची. विहिरीत पोहायला शिकली, पुढं विद्यापीठाकडून पोहली, आणि आता इथं शिकवायला आली होती. तिच्या वहीत बायकांच्या बॅचसाठी अकरा नावं होती. एकेका नावासाठी तिनं चार-चार घरी चहा प्यायला होता. तीन आठवडे झाले, ती अकरा नावं पंपावर अडून बसली होती.

"आज चालला तर चालला," विजयसिंह तिला म्हणाले. "न्हाईतर उद्या मासे सोडतो तलावात. बायांच्या बॅचला माझी काय हरकत न्हाई बरं का. पण आमच्या आईला न्हाई पटत. तुला म्हणून सांगतो."

'तुला म्हणून' हे त्यांनी आजवर तिला सात वेळा सांगितलं होतं.

ती आई, म्हणजे छबुबाई, वय सदुसष्ट, तिथंच प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. रोज सकाळी यायची, पाण्याकडं बघत बसायची आणि दुपारी उठून जायची. बोलणं नाही, चालणं नाही. तिला बघून चौकशीला आलेल्या बाया पदर सारखा करायच्या आणि "सहजच आलतो" म्हणून फाटकातूनच मागं वळायच्या.

भागवत पाइपाच्या एकेका सांध्यावरून हात फिरवत होता. त्याची हयात विहिरीच्या मोटारी उतरवण्यात गेली होती. गळती म्हणजे ओल, एवढा एकच सिद्धांत घेऊन त्यानं पाटोद्यापर्यंत नाव कमावलं होतं.

"कोरडं ठणठणीत हाय सगळं," तो म्हणाला. "ओल न्हाई तर गळती न्हाई. पंपच बाद हाय."

"मामा, अजून एकदा बघा की," स्वप्नाली म्हणाली. पंप बाद म्हणजे बॅच बाद, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती येळा बघू? तिसऱ्यांदा हात फिरवला. म्हसरू असतं तर आतापातुर पान्हावलं असतं."

खुर्ची करकरली. छबुबाई उठली आणि गोठ्याकडं गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पाटी होती आणि पाटीत ताजं शेण.

तलाव कायमचा निकामी करायचा याहून स्वस्त उपाय जिल्ह्यात नव्हता. स्वप्नाली आडवी आली. "आक्का, पाण्यात नका टाकू. पाया पडते."

"बाजूला व्हय, पोरी."

छबुबाईनं पदर खोचला, पंपाशी उकिडवी बसली आणि तलावातून पंपात येणारा पांढराशुभ्र पाइप सांध्या-सांध्याला सारवायला लागली.

"आई! परदेशी पंप हाय तो!" विजयसिंह ओरडले.

"मग परदेशी सारवते." तिनं शेवटचा हात फिरवला. "लाव रं भागवता मोटर."

मोटर सुरू झाली. पहिल्या सांध्यावरचं शेण गप होतं. दुसऱ्यावरचं, तिसऱ्यावरचंही. चौथ्यावर, जिथं पाइप आट्यांवर फिरून पंपात शिरतो तिथं, शेण थरथरलं. त्यात तिळाएवढी खळी पडली. खळी आत ओढली गेली आणि तिचं भोक झालं.

"हितं सारवण बसंना. आत वढतंय," छबुबाई म्हणाली. "ओल कावून हुडकतोस? पाणी भाईर येतच न्हाई हितनं. वारं आत जातंय. वारं काय ओलं असतंय व्हय रं?"

भागवतनं सिद्धांत गिळला. मग मोटर बंद करून सांधा खोलला. आट्यांवर सफेदा फासून सुतळी गुंडाळलेली होती, विहिरीच्या लोखंडी पाइपाला गुंडाळतात तशी. वाळून ती आखडली होती.

"हे कुणी बांधलं?" स्वप्नालीनं विचारलं.

भागवतनं हातातल्या पान्याचं बारकाईनं निरीक्षण केलं. "मीच. पण विहिरीवर वीस-वीस वर्षं टिकती."

त्यानं सुतळी खरवडली, आटे पुसले, पांढरी टेप गुंडाळली आणि सांधा आवळला. या खेपेला पाणी झाकणाखाली चढलं आणि तिथंच राहिलं. भिंतीतल्या तोट्यांतून मनगटाएवढ्या धारा सुटल्या. तिसऱ्या दिवशी तळाच्या निळ्या फरश्या दिसायला लागल्या.

चौथ्या दिवशी विजयसिंहांनी फीत कापली. सोबत फोटोवाला होता, पंधरा कार्यकर्ते होते, आणि महिलांच्या प्रगतीबद्दल त्यांना जे वाटतं ते सगळं त्यांनी माइकवर सांगितलं. अकराही जणी आल्या होत्या, पण फाटकाशीच घोळका करून थांबल्या होत्या. छबुबाई काठावर बसली होती. तिच्यासमोरून आत पाऊल टाकायची कुणाची छाती होत नव्हती. स्वप्नालीनं दोनदा शिट्टी तोंडाशी नेली आणि दोनदा खाली सोडली. बॅच भरली नाही तर तलावात सोडायला मासे अजून स्वस्तात मिळत होते.

छबुबाई उठली. सावकाश चालत मुलाजवळ गेली. कार्यकर्ते आपोआप मागं सरकले.

"आई, काय झालं?" विजयसिंहांनी माइकवर हात ठेवत विचारलं.

"फोटू झाले का तुझे? मग ही माणसं घिऊन जा, विजू, अन् जाताना फाटक लाव," छबुबाई म्हणाली. "आमची बॅच हाय."