बिनवासाचा साबण

“अहो, पण तेल हवंय कशासाठी?” दुकानातल्या बाईंनी पुन्हा विचारलं आणि मिस्त्री पुन्हा फळीकडे बघू लागला.

समोरच्या फळीवर बाटल्याच बाटल्या. खोबरेल, तिळाचं, एरंडेल, सूर्यफुलाचं, ऑलिव्हचं. मिस्त्रीचा उभा जन्म गॅरेजमध्ये, तेलातच गेलेला. तरी इथे त्याची पार भंबेरी उडाली. सवयीने त्याने एक थेंब चिमटीत घासला, नाकाशी नेला. यात चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, काही केल्या कळेना.

“साबण करायचाय,” तो शेवटी पुटपुटला. “घरी. पहिल्यांदाच.”

बाई हसल्या नाहीत, हे नशीबच. “नुसतं खोबरेल घ्याल तर मळाबरोबर हाताची सालही निघेल. एरंडेल जास्त झालं की साबण चिकट. ऑलिव्हने मऊ होतो, पण फेस बेताचा. आणि तेल बदललं की कॉस्टिक सोड्याचं मापही बदलतं, बरं का. एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही.”

शेवटचं तेवढं मिस्त्रीला उमगलं. गिअरचं तेल ब्रेकला चालत नाही, तसं. बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं.

“तुम्हीच मिसळून द्या काय ते,” तो म्हणाला. “फक्त वास नको.”

“खोबरेलाला खोबऱ्याचा वास येणारच की हो!”

“तो चालेल. माझा नको.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता तेलं मापायला घेतली.

झालं होतं असं. मिस्त्री संध्याकाळी घरी आला की नात रांगत त्याच्याकडे यायची. तिला सगळे चिमणी म्हणत. तो हातपाय धुऊन बसायचा, चिमणीला मांडीवर घ्यायचा. ती त्याच्या शर्टात नाक खुपसायची. जरा कुठे स्थिरावते, तोच सून आतून यायची. “द्या बाबा, तिला इकडे.” आणि पोर उचलून घेऊन जायची. एक दिवस नाही, रोज.

का, ते तो विचारू शकला नाही. मुलगी असती तर विचारलं असतं. सुनेला काय विचारणार? ती कधी उलटून बोलली नव्हती, जेवायला वेळेवर वाढत होती. त्यामुळे तर कोडं आणखीच सुटेना. मग एकदा त्याचा गॅरेजचा निळा शर्ट नाहीसा झाला. दोरीवर नाही, कपाटात नाही. फेकला असणार, मिस्त्रीच्या मनाने घेतलं. आणि त्याने स्वतःचेच हात हुंगले. नखांत, रेषांत, मनगटापर्यंत इंजिन. बायकोने कधी नाक मुरडलं नव्हतं. पण तिचं माहेरच गॅरेजवाल्यांचं, तिचं काय घेऊन बसता!

बाजारात मिळतील तेवढे साबण त्याने घासून पाहिले. वरून गुलाब, खालून ग्रीस. म्हणून हा खटाटोप.

साबण त्याने गॅरेजातच केला, घरी कुणाला पत्ता लागू न देता. कॉस्टिकची भीती नव्हती, इंजिनचे भाग तो त्यानेच धुवायचा. वेल्डिंगचा चष्मा लावून, रबरी हातमोजे चढवून त्याने पाण्यात कॉस्टिक सोडलं, ते निवल्यावर तेलात ओतलं आणि ढवळत बसला. बराच वेळ तेल तेलाच्या जागी आणि पाणी पाण्याच्या जागी. आपण भलतंच काही करून बसलो की काय, असं त्याला वाटायला लागलं. मग एकाएकी सगळं पातळ दह्यासारखं जमून आलं. खोक्यात ओतलं, वड्या पाडल्या, महिनाभर वाळवल्या. रोज संध्याकाळी चिमणी उचलून नेली जात होती आणि तो मनात म्हणत होता, थांब पोरी, थोडे दिवस.

तो दिवस आला. गॅरेजातच कोपरापर्यंत हात घासले, अंगावरून पाणी घेतलं, धुवट शर्ट घातला. हात हुंगले. स्वच्छ. कुणाचेच नसल्यासारखे.

घरी आल्यावर त्याने हक्काने चिमणीला उचललं.

चिमणीने शर्टात नाक खुपसलं. मग बाजूला केलं. त्याचं बोट हुंगलं, तोंडाकडे पाहिलं, पुन्हा बोटाकडे पाहिलं. ओठ थरथरला आणि तिने असा टाहो फोडला की सून कणकेच्या हातांनीच धावत आली.

“काय झालं? तुमच्याजवळ कधी रडत नाही ती!”

मिस्त्रीला रडावं की रागवावं कळेना. “वास गेलाय गं,” तो कसाबसा म्हणाला. “सगळा काढलाय. आता तरी राहू दे तिला माझ्याकडे.”

“कसला वास?”

“माझा. त्यासाठीच नेतेस ना तिला उचलून?”

सून बघतच राहिली. “अहो बाबा! तुमच्या मांडीवर ती क्षणात झोपते. आणि दिवेलागणीला झोपली की रात्रभर मला नाचवते. म्हणून नेते!”

पोर रडतच होती. सुनेने हात पुसले, आत जाऊन पाळण्यातली उशी आणली, आणि अभ्र्यातून एक घडी काढून त्याच्या खांद्यावर टाकली. निळा शर्ट. न धुतलेला. चिमणीने त्यात तोंड खुपसलं, दोनदा हुंदका दिला आणि गप्प झाली.

“याच्याशिवाय रात्री डोळा मिटत नाही ती,” सून म्हणाली. “पण याचा वास उडत आलाय आता. उद्याचा शर्ट धुवायला टाकू नका, बाबा.”