घोड्यावरचे साहेब

ओयुनाने दोन वर्षं राबून तयार केलेला खाणीचा आराखडा दाशझेवेग साहेबांनी बिनदिक्कत स्वतःच्या नावावर मांडला. ती जाब विचारायला गेली, तर हसून म्हणाले, "पुरावा आहे का काही? नाहीतर जा पोरी, घोड्यांची चित्रं काढत बस!" तिने त्याच दिवशी नोकरी सोडली आणि खरोखरच चित्रं काढत बसली.

चार वर्षांनी उलानबातरला तिच्या प्रदर्शनात साहेब आले आणि एका भल्यामोठ्या चित्रासमोर थबकले. गवताळ माळ, शंभरेक माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे उमद्या घोड्यावर हुबेहूब ते स्वतः!

"राग विसरलीस म्हणायचं! आणि हे मागून दौडत येणारे कोण गं?"

"तुमच्याच मागे लागलेत, साहेब."

साहेब खूश. चित्र कंपनीच्या दालनात लागलं. वर्धापनदिनाला ओयुनाच्या मुलखातले घोडेवाले पाहुणे म्हणून आले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने चित्रातल्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर डागलेली घराण्याची खूण निरखून पाहिली आणि भरल्या दालनात ओरडला,



"अरे, हा घोडा तर आपल्या ओयुनाच्या घरचा! वर बसलेला हा चोर कोण?"