गुलाबी हिरड्या

आजवर रात्री दात न घासता खुशाल झोपणारी माझी बायको हल्ली जेवण झालं की आरशासमोर उभी राहते, हलक्या हाताने ब्रश गोल गोल फिरवते आणि वर स्वतःशीच लाजते.

"कोणासाठी चाललंय हे?" मी शेवटी विचारलंच.

"दातांच्या डॉक्टरांसाठी," ती चूळ भरून म्हणाली. "तुमच्या हिरड्या किती छान गुलाबी आहेत, म्हणाले. तू म्हणालास कधी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाला जाब विचारायचाच, म्हणून मी चक्क नंबर लावला आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. ओरडण्यासाठी तोंड उघडलं, तर त्याने लगेच आत आरसा घातला.

"अरे वा!" तो बराच वेळ बघत राहिला. "मागच्या दाढासुद्धा इतक्या मनापासून घासणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं हो. बायकोला शिकवा जरा."

जाब विचारायचा राहूनच गेला; घरी येऊन मी आधी आरशात माझ्या मागच्या दाढा बघितल्या.



उद्या बायकोची तपासणी आहे. तिचा ब्रश मी लपवून ठेवलाय.