तिसरी ओळ

अंत्यदर्शनाला ठेवलेल्या योमदादांच्या फोटोपुढे दोनदा माथा टेकून बोनसोक शेजारच्या दालनात, आलेल्यांच्या पंगतीत जेवायला बसला. लाल तिखट सूप समोर आलं. त्याने चमचा उचलला, तेवढ्यात थाक समोर येऊन बसला आणि त्याने बोनसोकचं मनगट घट्ट धरलं.

"घास उतरतो तरी कसा रे तुझ्या घशाखाली?"

"थाक, इथे नको."

"इथेच. मंचावर बोललो तर उडवशील!"

समुद्रातल्या खडकांवरून गळ टाकणाऱ्या दोन-अडीचशे हौशी माणसांचा तो इंटरनेटवरचा मंच. तिथली भांडणं निस्तरायची, शिवीगाळ पुसून टाकायची, हे काम बोनसोकचं. थाक म्हणजे तिथली कायमची डोकेदुखी. गेल्या आठवड्यात त्याने तिथे पुन्हा खडकांवर नेऊन सोडणाऱ्या नावाड्याला शिव्या घातल्या. दोन ओळी वाचून बोनसोकने तो मजकूर उडवला. तिसरी ओळ त्याने वाचलीच नाही. कड्यावरच्या लोखंडी शिडीची वरची पायरी निखळली आहे, कोणी हात घालू नका, असं तिथे लिहिलं होतं. रविवारी योमदादांनी त्याच पायरीला हात घातला.

"तिसरी ओळ वाचली असतीस तर डोळे झिजले असते का?" थाकचा आवाज चिरकला. "बरं, तू आंधळा. पण तू उडवलेलं दुसऱ्याने तपासून 'बरोबर' म्हणायचं, असा नियम आहे ना? नियम सांगून सांगून माझा जीव खाल्लात तुम्ही. कोण होता तो दुसरा? नाव सांग. त्याचीही मानगूट धरतो."

बोनसोकने उघड्या दारातून फोटोकडे पाहिलं. दादा हसत होते. एक नाव घेतलं की अर्धं ओझं उतरणार होतं. एकदा वाचायचं तरी होतं, दादा, असं मनात आलं आणि त्याला दादांचा राग आला. मग त्या रागाची शरम वाटली आणि त्याने चमचा खाली ठेवला.

"कोणी नव्हतं," तो म्हणाला. "मी एकटाच."

"कोणी नव्हतं कसं?" भाताची वाटी घेऊन योमदादांची बायको, वहिनी, मागे उभ्या होत्या. केसांत सुतकाची पांढरी फीत, डोळे सुजलेले. त्यांनी शेवटचं तेवढंच ऐकलं होतं. "हे होते की. तुमचं काम हेच तपासायचे ना, भावजी?"

थाक जागच्या जागी थिजला. त्याने धरलेलं मनगट पाहून वहिनींना वाटलं, तो धीर देतोय. त्या दोघांजवळ बसल्या. नवऱ्याबद्दल काही चांगलं सांगायला मिळालं म्हणून त्यांना जरा बरं वाटलं असावं.

"जेवताना फोन वाजला की म्हणायचे, बोनसोकने काहीतरी उडवलंय. आणि न उघडताच बटण दाबायचे. मी म्हणायची, अहो, वाचा तरी. तर म्हणे, त्याचं काम उघडून बघायचं म्हणजे त्याचा अपमान." वहिनी ओल्या डोळ्यांनी हसल्या. "माझ्या हातचं सूप मात्र चाखल्याशिवाय एकदाही त्यात भात घातला नाही हो."

थाकने मनगट सोडलं नाही. पकड तेवढी सैल झाली.