सहा अक्षरांची जागा

बारा अक्षरं काही केल्या स्मारकाच्या दगडावर मावेनात. पाथरवटाने तिसऱ्यांदा पट्टी लावून पाहिली. अक्षरं वीतभर उंच हवीत हा समितीचा हट्ट, आणि तेवढी तर सहाच बसत होती. धरण फुटून मेलेल्यांचा आकडा आठशे अठ्ठ्याऐंशी. साधे तीन आठ कोरले असते तर काम कधीच हातावेगळं झालं असतं. पण रोमन आकडे भारदस्त दिसतात, असं अध्यक्षांच्या मनाने घेतलं होतं. डी, तीन सी, एल, तीन एक्स, व्ही आणि वर तीन आय. शेपूट संपता संपेना.

पाहणीला आलेल्या साहेबांनी चुटकीसरशी तोड काढली.

"आठशे साठ करा. सहा अक्षरांत बसतं. वाचतंय कोण?"

अठ्ठावीस माणसं एका वाक्यात पुसली गेली. पाथरवटाची बायको आणि लेक त्या आकड्यात मुळी नव्हत्याच. ज्यांचे देह मिळाले तेवढेच मोजले होते. तीन वर्षं त्याने कचेरीचे उंबरठे झिजवले; कारकून म्हणायचा, देह दाखवा. पुरात बायकोचा हात त्यानेच सोडला होता. का, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"आठशे नव्वदही सहाच अक्षरांत बसतं, साहेब," तो म्हणाला.

साहेबांनी क्षणभर विचार केला. कमी केले तर बोंब होईल, दोन वाढले तर कोण विचारतंय. मान हलवून ते गाडीत बसले.

चार दिवस त्याने जीव ओतून काम केलं. शेवटची दोन अक्षरं मनातल्या मनात दोघींना वाटून दिली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला पोटभर रडू आलं.

अनावरणाच्या आदल्या दिवशी कचेरीत झाडलोट करणारी बाई तिथे आली. तिचा नवराही त्याच पाण्यात गेला होता, तोही सापडला नव्हता. किती लिहिलंय, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं.

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

"आधी आठशे अठ्ठ्याऐंशी म्हणत होते. म्हणजे दोन वाढले. दादा, त्यात आमचे हे आहेत का हो?"

तिचे डोळे त्याच्यावरून हलेनात.

"आहेत, ताई," तो म्हणाला. "हे बघा, शेवटून दुसरं अक्षर."

तिने त्या अक्षरावरून पदर फिरवला, धूळ पुसली आणि निघून गेली.

पाथरवट दगडापाशी बसला. एकच जागा उरली होती आणि त्याच्या दोघी होत्या. पुरात बायको ओरडली होती, "मला सोडा, पोरीला धरा."

त्याने दुसऱ्यांदा तिचं ऐकलं.