रणछोड लाइनचा पत्ता

जायला उठलेले मंत्री रंगनाथराव खरवंडीकर पाकिटावरचा पत्ता वाचून पुन्हा खुर्चीत बसले.

नूरुद्दीन अत्तार, बेकरीच्या मागे, रणछोड लाइन, कराची.

तिसगावच्या शाळेत हार-नारळ उरकले होते. बाहेर दुष्काळी कामावरची माणसं उन्हात उभी होती. त्यातूनच बिबीजान आत आली होती, खडी फोडून थेट, पदरावरची पांढरी धूळ तशीच. कानिफनाथ मास्तर तिला घेऊन आले होते.

"हिची मुलगी तिकडं दिलीय, साहेब. जरीना. आत्याच्याच घरात, या नूरुद्दीनला," मास्तर म्हणाले. "लढाई लागल्यापासून टपाल बंद. दीड वर्ष झालं."

"शेवटचं पत्र आलं तवा तिला सातवा लागला हुता," बिबीजान म्हणाली. "पहिल्या खेपंला मूल गेलं, ती बी जाता जाता वाचली. आत्ता पत्रात काय बी लिहायचं न्हाई मला. ती हाय का न्हाई, एवढंच इचारायचंय."

तिनं कमरेच्या पिशवीतून आणखी एक कागद काढून टेबलावर ठेवला. दिल्लीचा होता, इंग्रजीत. मास्तरांनी तिच्या वतीनं केलेल्या अर्जाला आलेलं उत्तर. अर्जाची नोंद घेतली आहे, योग्य वेळी योग्य ती कार्यवाही होईल. खाली रंगनाथरावांची सही.

"तुमीच लिवलंय न्हवं?" तिनं विचारलं.

सही केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. वाक्य मात्र ओळखीचं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनीच ते बेतलं होतं आणि वरिष्ठांनी पाठ थोपटली होती.

सव्वीस वर्षं ते परराष्ट्र खात्यात होते. त्यातली तीन कराचीत. निवृत्तीनंतर पक्षानं त्यांना राज्यसभेवर घेतलं, मंत्री केलं आणि खातंही तेच दिलं. आपला माणूस साऱ्या जगाशी बोलतो, म्हणून नगरात त्यांची मिरवणूक निघाली होती.

ती बेकरी तिथल्या भारतीय कचेरीपासून चालत पंधरा मिनिटांवर होती. तेव्हा असं पत्र आलं असतं तर त्यांनी शिपायाला पाठवलं असतं आणि दिवस मावळायच्या आत उत्तर मिळालं असतं. आता त्या कचेरीला कुलूप होतं.

सचिव कानाशी वाकले. "सर, मधल्या देशामार्फत आपली चौकशीची यादी जाते, तीत..."

"मला माहीत आहे," रंगनाथराव म्हणाले. यादी त्यांच्याच टेबलावरून जात होती. आधी कैद झालेले सैनिक, मग अडकलेले नागरिक. लग्न करून तिकडच्या झालेल्या मुली तिच्यात बसत नव्हत्या. लंडनमध्ये त्यांचे जुने मित्र होते. एक पाकीट तिथून सहज पुढं गेलं असतं. पण मंत्र्यानं चोरून पाकिस्तानात पत्र धाडलं, हे एकदा छापून आलं की यादीही बंद पडली असती. तिच्यावर चारशे घरं डोळे लावून बसली होती.

त्यांनी पाकीट हातात फिरवलं आणि तिच्यापुढं धरलं.

"हे मला पोचवता येणार नाही, बाई. आपलं तिथं आता कुणी नाही."

तिनं पाकीट घेतलं नाही. "तुमी तिकडल्याच कामाचं मंत्री हाय ना?"

"आहे."

"मंग?"

मास्तरांनी खाली पाहिलं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"ती गल्ली मी पाहिली आहे. तीन वर्षं तिथंच होतो मी," रंगनाथराव एकदम म्हणाले.

बिबीजान पुढं आली. टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली. "खरंच? कशी हाय?"

"अरुंद आहे. बेकरीपुढं बाकडी असायची. सकाळी पावाचा वास यायचा. पाण्याचा नळ कोपऱ्यावर."

"पानी हाय का नळाला?"

"तेव्हा होतं. भरपूर."

"आन दवाखाना?"

रंगनाथरावांनी आठवून पाहिलं. बेकरी, शिंप्याचं दुकान, मशीद, टांग्यांचा अड्डा. दवाखाना कुठंच आठवेना. बिबीजान त्यांच्या ओठांकडं बघत होती.

"आहे," ते म्हणाले. "बेकरीसमोरच."

"बाई डाक्टर हाय?"

"बाईच आहे."

"रातीबिराती उघडती?"

"कधीही."

सचिवांनी घड्याळ पाहिलं, मग खिडकीबाहेर. बिबीजाननं श्वास सोडला. डोळे पुसले, तशी गालावरची धूळ ओली होऊन पसरली.

"मंग वाचली आसंल," ती मास्तरांना म्हणाली. "समोरच हाय म्हनल्यावर."

रंगनाथराव उठले. पाकीट अजून त्यांच्याच हातात होतं. ते त्यांना खिशातही घालता येईना आणि टेबलावरही ठेवता येईना. शेवटी तिनंच ते हलकेच काढून घेतलं आणि दिल्लीच्या कागदाबरोबर पिशवीत ठेवलं.

दारापर्यंत जाऊन ती वळली. आवाजात राग नव्हता. घरातल्या थोरल्या बाईनं सांगावं तसं म्हणाली,

"सायेब, तुमी तितंच राह्याला पायजे हुतं."